जुनी असाइनमेंट, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि चाळीस विद्यार्थी: गोव्यातल्या एका दूरशिक्षण केंद्राचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालतं. कॉलेजचं नाव देत नाही, विद्यापीठाचंही नाही, कारण जे झालं ते कुठल्याही केंद्रावर होऊ शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी होतच असणार, फक्त कोणी लिहून काढत नाही. मी तिथे बी.ए.च्या अर्थशास्त्राचा काउन्सिलर आहे. रोजचा कॉलेजातला लेक्चरर वेगळा आणि हा वेगळा, इथे आम्ही रविवारी बसतो, विद्यार्थ्यांना छापील ब्लॉक, म्हणजे अभ्यासाच्या पुस्तिका, घरी मिळालेल्या असतात आणि त्यांच्या शंका सोडवणं एवढंच आमचं काम, निदान कागदावर तरी. केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमना सगळे विद्यार्थी टीचर म्हणतात, म्हणून मीही इथे टीचरच म्हणतो.

बॅच जुलै २०२३ची, चाळीसेक जणांची. दूरशिक्षण घेणारा विद्यार्थी म्हटलं की बारावी नापास होऊन उरलेला पोरगा असं अजून कित्येकांना वाटतं, त्यांनी ही यादी बघावी. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, काम करणारी नर्स. पणजीतल्या कॅसिनोत रात्रपाळी करणारा डीलर. वेर्णाच्या औषध कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारे तिघे, तिघांच्या शिफ्टा वेगळ्या. सत्तरीतल्या एका पंचायतीतली एलडीसी, म्हणजे कनिष्ठ क्लार्क. पेडण्याचा टॅक्सीवाला, मोपा एअरपोर्ट सुरू झाल्यापासून ज्याचा निम्मा दिवस तिथेच गाडीत जातो. काणकोणच्या दोन गृहिणी, नात्याने जावा. कुटबणच्या जेटीवर घरचा मासळीचा धंदा असलेली एक मुलगी. आणि एक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, जो अर्धं वर्ष नेमका कुठल्या समुद्रात असतो ते त्याच्या बायकोलाही नकाशा काढून सांगावं लागतं. हे सगळे रविवारी सकाळी दहा वाजता एका ठिकाणी येतील असं ज्याने टाइमटेबल बनवलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

त्यांच्यासाठी साधनं काय होती? एक व्हॉट्सॲप ग्रुप, सगळ्यांचा मिळून एकच. रविवारचा ऑनलाइन क्लास. आणि टीचरचा पर्सनल मोबाईल नंबर. शिवाय राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या दिष्टावो या उपक्रमाचे व्हिडिओ होते, २०२०च्या लॉकडाऊनच्या वर्षात सुरू झालेले, पदवीच्या बऱ्याच विषयांचे, आणि मी स्वतः मुलांना ते बघायला सांगतो, पण व्हिडिओ बघताना अडलं तर व्हिडिओला विचारता येत नाही. विद्यापीठाचा ईमेलही होता. तो कोणी उघडत नसे.

घोटाळा

आमच्याकडे असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं. असाइनमेंटचे प्रश्न प्रत्येक सत्राला बदलतात, जुन्या सत्राचे प्रश्न सोडवून दिले तर धरत नाहीत. डिसेंबरच्या परीक्षेसाठी सप्टेंबरअखेर वह्या जमा करायच्या होत्या. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरला. गोव्यात चवथीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा कोण काय लिहिणार, म्हणून शहाण्या मुलांनी ऑगस्टमध्येच लिहून टाकलं. आणि जी शहाणी तीच फसली.

झालं असं की ऑगस्टच्या सुरुवातीला टीचरनी नव्या प्रश्नांची पीडीएफ ग्रुपवर टाकली होती. तिच्यावर पंधरा ऑगस्ट आला, नागपंचमी आली, कोणाच्या तरी मुलीचा वाढदिवस आला, नोकरभरतीच्या जाहिराती आल्या, रोजचं गुड मॉर्निंग होतंच. मग कोणीतरी विचारलं, असाइनमेंट कोणाकडे आहे काय, प्लीज सेंड. आणि मागच्या बॅचमधला एक जण, जो ग्रुपमधून कधी बाहेरच पडला नव्हता, त्याने मोठ्या प्रेमाने आपल्याकडची पीडीएफ पाठवली. फाईलचं नाव होतं ‘न्यू फायनल’. पहिलं पान अगदी तसंच, तोच कोर्स कोड, तेच मार्क, फक्त वर बारीक अक्षरात सत्राचं वर्ष जुनं. खाली पाच-सहा थँक्यू आणि हात जोडलेले. नवीन पीडीएफ शोधायला आता कोणी मागे जायचं कारणच नव्हतं.

दहा-बारा जणांनी हाताने वीस-वीस पानं लिहून वह्या आणल्या. हे मला कळलं ते वह्या चाळताना, दोन वह्यांत पहिलाच प्रश्न वेगळा दिसला म्हणून. टीचरना सांगितलं तर त्या काही क्षण बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, “सर, मी पाठवली होती. तारखेसकट दाखवते.” आणि दाखवलीही. ती होती. अडचण तीच होती, की ती होती.

नर्सने चवथीच्या सुट्टीत पुन्हा सगळं लिहिलं, टॅक्सीवाल्याने गाडीत बसून लिहिलं, काहींनी सरळ सोडून दिलं आणि पुढच्या सत्रावर ढकललं. तारीख नंतर वाढली, ती वाढतेच साधारणपणे, पण वाढेल या भरवशावर कोणाला बसवून ठेवता येत नाही.

ग्रुप उघडून बसलो

कोणाची चूक यावर स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत चर्चा झाली. एकाचं म्हणणं मुलं वाचत नाहीत, दुसऱ्याचं म्हणणं व्हॉट्सॲप बंद करा आणि चांगलं ॲप घ्या. मला दोन्ही पटेना. मी टीचरना म्हटलं, मागच्या महिन्याभराचा ग्रुप वरून खालपर्यंत वाचूया, आणि तुमची हरकत नसेल तर तुम्हाला पर्सनलवर आलेलेही.

ग्रुपात काय होतं ते सांगायला नको, तुमच्याही फोनात असा ग्रुप आहे. शुभेच्छा, ओके टीचर, लिंक पाठवा, लिंक चालत नाही, आवाज येना. अभ्यासाचा प्रश्न महिन्याभरात अगदी हाताच्या बोटांवर. म्हणजे मुलांना प्रश्नच पडत नव्हते? मग टीचरनी आपला इनबॉक्स उघडला आणि तिथे सगळं भांडार. एकच प्रश्न, खाली वेगवेगळी नावं. प्रॅक्टिकल कधी, असाइनमेंट टाइप केली तर चालते का, ब्लॉक दोन मिळालाच नाही, आणि मधूनच एखादा अगदी खरा प्रश्न, की टीचर, मागणी वाढणं आणि मागणीचं प्रमाण वाढणं यात फरक काय, पुस्तकात दोन्ही सारखंच वाटतं. टीचरनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलेलं, रात्री साडेअकरालासुद्धा. म्हणजे उत्तरं दिली जात होती, भरपूर दिली जात होती, पण प्रत्येक उत्तर एकाच माणसाच्या फोनात जाऊन मरत होतं.

इथे मला मायकेल मूर आठवला. अमेरिकेतला दूरशिक्षणाचा अभ्यासक, १९७०च्या दशकापासून तो सांगत आलाय की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट यावर ते कमीजास्त होतं. वाचायला छान वाटतं. आमच्या प्रकरणात संवाद कमी नव्हता हो, उलट टीचरचा अंगठा दुखेपर्यंत होता. पण तो सापडत नव्हता. आज विचारलेलं, आज सांगितलेलं, तीन आठवड्यांनी ज्याला लागेल त्याच्या हाती काहीच नाही. माझं या सगळ्या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे की नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला उत्तर लगेच मिळण्यापेक्षा त्याला वेळ होईल तेव्हा सापडणं जास्त कामाचं आहे, आणि आपण साधनं निवडतो ती नेमकी उलट्या हिशेबाने.

रविवारचा क्लास

आता लाईव्ह क्लासचं. त्याच्यावर आमचा सगळ्यांचा फार जीव. समोर तोंड दिसलं म्हणजे शिकवलं असं शिक्षकाला वाटतं, आणि हे आजचं नाही. इग्नू हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ला स्थापन झालं, मग २००० साली ज्ञानदर्शन चॅनल, २००४च्या सप्टेंबरात एज्युसॅट उपग्रहच वर गेला, शिक्षणासाठीच म्हणून सोडलेला भारताचा पहिला. त्या जमान्यातली टेलिकॉन्फरन्स म्हणजे मास्तर टीव्हीवर दिसायचा आणि विद्यार्थी फोन लावून प्रश्न विचारायचा, चित्र एका बाजूने, आवाज दोन्ही बाजूंनी. गंमत म्हणजे आमच्या रविवारच्या क्लासची अवस्था नेमकी तीच होती, फक्त उपग्रहाचा खर्च वाचला. माझा चेहरा दिसतोय, समोर काळे चौकोन, नावं ‘रेडमी’, ‘मम्मी’, एकाचं नुसतं टिंब. कळलं का विचारलं की शांतता. मग चॅटमध्ये कोणीतरी येस सर.

जे येत नव्हते त्यांना आम्ही एकेक करून फोन लावले. हे काम कंटाळवाणं आहे, पण सर्व्हेचा फॉर्म पाठवला असता तर नेटवर्क प्रॉब्लेम एवढंच उत्तर आलं असतं. नेटवर्क होताच प्रॉब्लेम. सत्तरीत आणि सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत २०२०मध्ये पोरं रेंजसाठी डोंगरावर चढून बसत होती, पेपरात फोटो आले होते, त्यानंतर टॉवर थोडे वाढले तरी पावसात झाड पडून लायट गेली की टॉवरही गप्प होतो. आणि व्हिडिओ क्लासला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा सहज जातो, ज्याचं रोजचं पॅकच दीड जीबीचं त्याने दिवसभर दुसरं काही बघायचं नाही.

पण फोनवर आणखी गोष्टी निघाल्या ज्या फॉर्मात कोणी लिहिल्या नसत्या. रविवारी दहाला मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, तर बॅचमधले ख्रिस्ती विद्यार्थी तेव्हा इगर्जीत. कॅसिनोवाला सकाळी सातला झोपतो. नर्स म्हणाली, सर, मी लॉगिन करून फोन ओट्यावर ठेवते आणि जेवण करते, अर्धं ऐकू येतं. टॅक्सीवाला म्हणाला, “सर, हांव एअरपोर्टार आसां, गिराईक आयलें की कट.” आणि काणकोणची थोरली जाऊ जे म्हणाली त्याच्यावर मी बराच विचार केला. तिचं शिक्षण मराठीतून, ब्लॉक इंग्लिशमध्ये, मी शिकवतो इंग्लिश-कोंकणी-मराठी सगळं कालवून, पण तोंड उघडून प्रश्न विचारायचा म्हणजे तो इंग्लिशमध्ये विचारायला हवा अशी तिची समजूत. तशी कोणी सक्ती केली नव्हती. घरात सासू ऐकत असते, वेर्णाची पोरं फाडफाड बोलतात, आणि आपलं चुकलं तर? त्यापेक्षा टीचरना पर्सनलवर विचारलेलं बरं.

पंचायतीतल्या एलडीसीचं कारण वेगळंच. ती ग्रुपमधून कधीच बाहेर पडली होती आणि आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तिला रात्री कोणीतरी हाय, जेवलीस का असे मेसेज टाकायला लागला. तिने तक्रार केली नाही, नुसतं लेफ्ट झाली, आणि त्याबरोबर तिच्यापर्यंत येणारी सगळी माहिती बंद झाली. हे ऐकून टीचर जे संतापल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्याने केलं त्याला बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. पण मुद्दा राहतोच, बायकांचे नंबर उघडे पडणार असतील तर ते साधन सगळ्यांसाठीचं नाही.

मग काय केलं

पहिली सूचना मूडलची आली, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या सॉफ्टवेअरची. माझ्या मनात मूडलबद्दल प्रेम आहे, एक तर ते फुकट, दुसरं म्हणजे ते बनवणारा मार्टिन डुगिआमस स्वतः ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला आणि लहानपणी शाळा रेडिओवरून शिकला, म्हणजे दूर असणं काय ते त्याला कोणी शिकवावं लागलं नाही, आणि २००२मध्ये त्याने पहिली आवृत्ती काढली. पण ते सर्व्हरवर बसवायचं कोणी, चालवायचं कोणी, पासवर्ड विसरणाऱ्या चाळीस जणांना रोज नवीन पासवर्ड द्यायचा कोणी? केंद्रावर टीचर आणि एक अर्धवेळ क्लार्क. सोडून दिलं. गूगल क्लासरूमही बघितलं, चांगलं आहे, पण त्याचे नोटिफिकेशन मेलवर जातात आणि मेलचं मी वर सांगितलंच.

म्हणून विद्यार्थी जिथे आहेत तिथेच राहायचं ठरवलं, फक्त कुठली गोष्ट कुठे हे बांधून टाकलं. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी केली, त्यातल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितो आणि तिथे बाकीच्यांना तुमचा नंबर दिसत नाही. एलडीसी परत आली ती यामुळे. जुन्या बॅचच्या लोकांना प्रेमाने निरोप दिला. गप्पांचा ग्रुप राहू दिला, त्यात नको त्याने जाऊ नये. तो बंद करा म्हणणारे होते, मी म्हटलं राहू दे, माणसं चवथीच्या शुभेच्छा कुठेतरी देणारच, तिथे देऊ देत. आणि एकही पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, सगळं एका गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये, फाईलच्या नावातच सत्र आणि वर्ष, व्हॉट्सॲपवर फक्त त्या फोल्डरची लिंक. फाईल कोणीही फॉरवर्ड करू शकतो, तिच्यावर आपला ताबा राहत नाही, लिंक फॉरवर्ड केली तरी उघडल्यावर आजचंच दिसतं. ही एवढी बारीक गोष्ट आधी केली असती तर त्या वह्या वाया गेल्या नसत्या.

खरा बदल मात्र एका साध्या गूगल फॉर्मने केला. शंका विचारायची तर फॉर्म भरायचा. नाव लिहिलं नाही तरी चालेल. भाषा कुठलीही, लिपी कुठलीही. तीन रकाने: कुठला पेपर, कुठल्या युनिटमधलं कुठलं पान, आणि काय अडलं. मधला रकाना टीचरच्या डोक्यातून आला आणि तो सगळ्यात भारी निघाला, कारण पान नंबर लिहायचा म्हणजे पुस्तक उघडावं लागतं, आणि पुस्तक उघडल्यावर निम्म्या लोकांची शंका तिथेच मिटते. उरलेले प्रश्न एका गूगल डॉकमध्ये जायचे, युनिटप्रमाणे लावलेले, खाली उत्तर. ह्याला विद्यार्थी वही म्हणायला लागले. वहीत टाकलं काय, वहीत बघ.

नाव नको म्हटल्यावर प्रश्न असे आले की मला बसून वाचावंसं वाटलं. एक जसाच्या तसा देतो, मराठीत होता: ‘पान अमुक. प्राइस वाढली की डिमांड कमी होते असं लिहिलंय. पण जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा बांगडा महाग होतो आणि तरी आमच्या घरी घेतातच. मग नियम चुकीचा आहे काय?’

मी लगेच उत्तर दिलं नाही. कम्युनिटीवर टाकलं, वहीत एक मासळीचा प्रश्न आहे, कोणाला सुचतंय का बघा. दोन दिवसांत खाली चार जणांनी लिहिलं. वेर्णाच्या एकाने लिहिलं, घेतात पण कमी घेतात, आमच्याकडे सहाच्या जागी तीन. त्यावर कुटबणच्या मुलीने जे लिहिलं ते मी आता क्लासमध्ये वापरतो. तिचं म्हणणं असं, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणजे माल येणंच कमी, गिऱ्हाईक तेच. भाव चढतो तो माल नाही म्हणून, लोकांना अचानक बांगडा जास्त आवडायला लागला म्हणून नाही. आणि तेव्हाच आमच्या घरची सुकी मासळी उठते, जी एप्रिलमध्ये कोणी विचारत नव्हतं. मी खाली तेवढंच जोडलं, की बंदीत पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकते आणि आपण बांगड्याच्या मागणीच्या रेषेवरच वर सरकतो, म्हणून घेण्याचं प्रमाण सहावरून तीनवर येतं, नियम शाबूत आहे. पण सुक्या मासळीची गोष्ट निराळी, तिचा स्वतःचा भाव उतरलेला नसताना तिला मागणी वाढली, तिथे मागणीची रेषाच उजवीकडे सरकली. टीचरना पर्सनलवर आलेला तो जुना प्रश्न, मागणी वाढणं आणि मागणीचं प्रमाण बदलणं, त्याचं उत्तर हेच, आणि ते मी दहा वर्षं ब्लॅकबोर्डवर दोन रेषा काढून सांगत आलोय, इतकं नीट कधी पोचलं नव्हतं.

तारवट्याचंही इथेच जमलं. बोटीवर इंटरनेट महाग आणि रडतखडत चालणारं, व्हिडिओचा प्रश्नच नाही. पण डॉक म्हणजे नुसती अक्षरं. बंदराला लागली बोट की तो वही फोनात उतरवून घ्यायचा, पुढचे दिवस वाचायचा, आणि पुढच्या बंदरात त्याच्या शंका एकदम सहा-सात येऊन पडायच्या, पान नंबरासकट.

लाईव्ह क्लास ठेवला, पण चाळीस मिनिटांचा. त्यात शिकवायचं नाही, वहीतल्या ज्या शंका लिहून सुटत नाहीत त्याच घ्यायच्या, आकृत्या वगैरे. रविवार दहा काढून बुधवारी रात्री साडेनऊ आणि शनिवारी दुपारी तीन, कुठल्याही एकाला यावं. क्लास झाला की दहा मिनिटांचा ऑडिओ फोल्डरमध्ये. ऑडिओ हलका, ओट्यापाशी ऐकता येतो, गाडीत ऐकता येतो. व्हॉइस नोटवर उत्तर देणं मात्र आम्ही बंद केलं, म्हणजे काउन्सिलरने. मुलांनी खुशाल बोलून विचारावं, काणकोणच्या जावा तशाच विचारतात आणि छान विचारतात, पण उत्तर लिहूनच द्यायचं, कारण बोललेल्यात शोधता येत नाही.

जे जमलं नाही

सगळं गोड झालं असं नाही. सुरुवातीला वही सगळ्यांना लिहायला मोकळी होती, आणि एका रात्री कोणीतरी मोबाईलवरून चुकून सगळं सिलेक्ट करून पुसलं. व्हर्जन हिस्टरीतून पाच मिनिटांत परत आलं, पण सकाळी उठून कोरं पान बघितलेल्या टीचरना ती पाच मिनिटं कोण भरून देणार? तेव्हापासून मुलांना फक्त कॉमेंट करता येते.

दुसरं, बुधवारची वेळ वेर्णाच्या सेकंड शिफ्टवाल्याला कधीच जमली नाही, शनिवारही नाही. तो वर्षभर एकदाही लाईव्ह दिसला नाही. पास झाला. ह्यावरून काय समजायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती बोललीच पाहिजे. काउन्सिलरला मानधन मिळतं ते बसलेल्या सेशनचं. वहीत लिहिलेल्या उत्तराचं, फॉर्म वाचण्याचं, फोल्डर लावण्याचं कुठल्याच कागदावर नाव नाही. ऑनलाइन साधनांनी दूरशिक्षण स्वस्त होतं असं म्हणणारे हा हिशेब धरत नाहीत, खर्च कमी झालेला नसतो, तो टीचरच्या जेवणानंतरच्या वेळात सरकलेला असतो. आम्ही एवढंच केलं की उत्तराला दोन दिवसांची मुदत जाहीर केली आणि रात्री नऊनंतर टीचरना पर्सनल मेसेज करायचा नाही असं घोषणेत टाकलं. पहिले काही आठवडे तरीही यायचे. टीचर फक्त फॉर्मची लिंक पाठवायच्या, दुसरा शब्द नाही. त्यांना ते जड गेलं, “कोणी अडलंय आणि मी लिंक पाठवते, बरं नाही वाटत” असं म्हणायच्या. पण पाठवायच्या. हळूहळू बंद झाले.

चौथी गोष्ट आम्ही अजून निस्तरतोय. वही जसजशी भरली तसतशी तिच्यातली उत्तरं असाइनमेंटमध्ये उतरायला लागली. पुढच्या सत्रात मागणीच्या प्रश्नाला असाइनमेंटच्या अर्ध्या वह्यांत बांगडा आणि सुकी मासळी, त्याच क्रमाने, एकाने तर ‘आमच्या घरची सुकी मासळी’ असंच लिहिलेलं, घर शिरोड्याला आणि धंदा गॅरेजचा. हसावं की मार्क कापावेत? कापले. मग टीचर म्हणाल्या, वही दर सत्राला कोरी करूया. मी नको म्हणालो, जे सापडावं म्हणून केलं तेच लपवायचं काय. शेवटी मधला रस्ता काढलाय, असाइनमेंटच्या प्रश्नाशी जे जवळचं असेल तिथे वहीत पूर्ण उत्तर द्यायचं नाही, पान नंबर आणि एक उलटा प्रश्न द्यायचा, आणि असाइनमेंट जमा करण्याची तारीख गेली की मग उत्तर खुलं करायचं. मुलांना हे आवडलेलं नाही, फॉर्मवर बिननावाच्या दोन तक्रारी आल्यात, एक बरीच झोंबणारी आहे. ती वहीत टाकलीय, खाली उत्तर टीचर लिहिणार आहेत.